लॅम्ब्रेटा, वेस्पा आणि आमच्या पडवीतली दुरुस्ती

मागच्या आठवड्यात फवारणी पंपाच्या इंजिनावर लिहिलं होतं, त्याखाली दोघा-तिघांनी विचारलं की दादा, टू-स्ट्रोक इंजिन उघडायला शिकलात कुठं? उत्तर सरळ आहे. कुठल्या कोर्सात नाही. आमच्या घरी हाटकेशला एक इटलीची स्कूटर होती, तिनं शिकवलं. आज तिचाच इतिहास लिहितो. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीत रस्ते फुटलेले, लोकांच्या हातात पैसा नाही. विमानं बनवणाऱ्या पियाजिओ कंपनीनं 1946 साली वेस्पा काढली. तिची आखणी करणारा कोर्रादिनो दास्कानियो हा विमानाचा इंजिनिअर. म्हणून वेस्पाचं पुढचं चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं, विमानाच्या चाकासारखं. चाक पटकन निघतं, स्टेपनी पटकन बसते. पुढच्याच वर्षी, 1947 ला, मिलान शहरातल्या लाम्ब्राते भागातून इनोचेंतीची लॅम्ब्रेटा आली. हा इनोचेंती मूळचा लोखंडी नळ्यांचा कारखानदार. त्यामुळे लॅम्ब्रेटाचा सांगाडा नळीचा आणि पत्रा वरून बसवलेला. वेस्पाला वेगळा सांगाडाच नाही, पत्रा हाच सांगाडा.

हा फरक कागदावर बारीक वाटतो, पण आमच्याकडे मिठागरांची खारी हवा. मीरा-भाईंदरला पत्रा ठेवला की चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. वेस्पाचा तळ गंजला की गाडीची कंबरच गेली, वेल्डिंग करणारा कारागीर चांगला पाहिजे. लॅम्ब्रेटाचा पत्रा सडला तर काढून ठोकून, रंगवून परत लावता येतो. आत नळी शाबूत. आमची गाडी इतकी वर्षं टिकली त्याचं निम्मं श्रेय त्या नळीला.

आपल्याकडे ही वाहनं आली ती मुंबईतून. बजाज घराण्याच्या बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशननं 1948 पासून बाहेरून दुचाकी-तीनचाकी आणून विकायला सुरुवात केली. 1949 साली मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, ही कंपनी निघाली. तिनं पन्नासच्या दशकात इटलीहून सुटे भाग आणून इथं लॅम्ब्रेटा जोडली. कारखाना भांडुपला. म्हणजे आमच्यापासून घोडबंदर रोडनं ठाणे आणि तिथून खाली भांडुप. इटलीची गाडी, पण तिचं माहेर आम्हाला हाकेवर होतं असं म्हणा.

मग सरकारचं धोरण आवळत गेलं. परदेशातून भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांना सांगितलं गेलं, इथं बनवा नाहीतर उठा. शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना 1954 ला बंद झाला तो त्याच काळात. 1957 च्या सुमाराला परकीय चलनाची टंचाई आली आणि बाहेरून येणारा माल आणखी आटला. 1959 ला बजाजला स्कूटर इथं बनवायचा परवाना मिळाला, पियाजिओच्या करारावर वेस्पा निघू लागली. पण मागणी इतकी की नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. 1960 साली स्कूटरच्या वाटपावर आणि विक्रीवर सरकारी नियंत्रण आलं. मुलीच्या लग्नाच्या यादीत स्कूटर असायची, आणि नंबर मुलगी शाळेत असताना लावलेला असायचा. हे विनोदानं नाही लिहीत.

शेतकऱ्यानं नवीन स्कूटर घ्यायची तर नंबर कधी लागणार आणि पैसा कुठून येणार? आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, 1976 ला जुनी गाडी घेतली. भाईंदरच्या एका मिठाच्या पेढीवरच्या कारकुनाकडून. लॅम्ब्रेटा एलडी, 150 सीसी, तीन गिअर, डाव्या मुठीत फिरवायचे. वीस वर्षांची गाडी. मी तेव्हा सात वर्षांचा.

घेतली ती मिरवायला नाही. भात कापलं की आम्ही वाल, मुळा, माठ, वांगी करायचो. भाजी पहाटे बोरिवलीच्या बाजारात पोचली तर भाव, आठनंतर पोचली तर मातीमोल. रेल्वेनं टोपल्या न्यायच्या तर आधी त्या डोक्यावरून स्टेशनपर्यंत. स्कूटरला पाय ठेवायला सपाट जागा असते, तिथं एक पोतं उभं राहतं, मागे दोन टोपल्या. मोटारसायकलवर हे जमत नाही, मध्ये टाकी येते. पुढं कितीतरी भाजीवाल्यांनी आणि दूधवाल्यांनी स्कूटर धरली ती याच पायाखालच्या फळीसाठी.

अडचण पार्टची. आम्ही एलडी घेतली तोवर एपीआयनं केव्हाच पुढचं एलआय मॉडेल धरलं होतं. एलआयमध्ये ताकद चेननं मागच्या चाकाला जाते, एलडीत दांड्यानं, शाफ्टनं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. तिकडे इटलीत इनोचेंतीनं 1971-72 च्या सुमाराला लॅम्ब्रेटाच बंद केली. यंत्रसामग्री आपल्या सरकारनं घेतली, लखनौला स्कूटर्स इंडिया उभी राहिली आणि तिथून पुढं विजय सुपर आली. बजाजचा पियाजिओशी करार 1971 ला संपला आणि 1972 ला चेतक आली. देशाला स्कूटर मिळाली, आमच्या एलडीला मात्र वाली राहिला नाही. चोर बाजार आणि कुर्ल्याचा भंगार, एवढीच दुकानं.

दुरुस्ती घरी येण्याचं कारण एक मेस्त्री. नाव नको. पॉइंट साफ करायचे होते. पॉइंट मॅग्नेटच्या आत असतात, आणि मॅग्नेट निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेलं असतं. ते पुलरनंच काढायचं असतं. पुलर मॅग्नेटच्या आट्यांत बसतो आणि मधला बोल्ट दांड्याला रेटतो. मेस्त्रीकडे पुलर नव्हता. त्यानं छिन्नी आणि हातोडा घेतला. आट्यांची कड तुटली, मॅग्नेट वाकडं फिरायला लागलं. गाडी तीन आठवडे उभी, ऐन वांग्याच्या तोडणीत. आयेनं डोक्यावर टोपल्या वाहिल्या. ते मी बघितलंय.

दादांनी कुर्ल्याहून दुसरं मॅग्नेट आणलं, आणि गाडीला लावायच्या आधी त्याच्या आट्यांचं माप देऊन एका लेथवाल्याकडून पुलर करून घेतला. तो अजून माझ्या पेटीत आहे. पुढं मी एकदा घाईत क्लचच्या झाकणावर हात उगारला तेव्हा मागून आवाज आला, ‘हातोरा ठेव खाली.’ बास, एवढंच.

पॉइंटचं काम अवघड नाही. मॅग्नेटला खिडकी असते, त्यातून दिसतात. पॉइंट पूर्ण उघडे असताना फट साधारण 0.4 मिलिमीटर ठेवायची. जळालेले असतील तर बारीक पॉलिश पेपर, कानस नाही. नंतर स्वच्छ कागद मध्ये ओढायचा, नाहीतर तेलाचा हात लागून पुन्हा ठिणगी मरते. केबलच्या टोकाचा शिशाचा गोळा आम्ही घरीच ओतायचो, तारा आधी पसरवायच्या म्हणजे गोळा निसटत नाही. पंख्याच्या जाळीत पेंढा अडकला की इंजिन तापायचं, म्हणून दर आठवड्याला जाळी साफ. आताच्या ब्रश कटरलाही हेच लागू आहे, गवताचा चोथा पात्यांत भरतो आणि लोक म्हणतात माल हलका.

माझी चूकही लिहितो. टू-स्ट्रोकमध्ये इंजिनाला वेगळं तेल नसतं, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच पिस्टन आणि बेअरिंगला मिळतं. आमच्या गाडीला लिटरला 50 मिली. नंतरच्या वेस्पा-चेतकला 20 पुरायचं. 1987 ला मी मित्राच्या चेतकचं प्रमाण ऐकून आमच्या गाडीत तेवढंच घातलं, वर शहाणपणा म्हणून गायमुखच्या उतारावर गिअरमध्येच मूठ बंद ठेवली. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे तेलही बंद, आणि इंजिन तर फिरतंय. खाली येईपर्यंत पिस्टन चिकटला, मागचं चाक घासत गेलं. क्लच दाबला म्हणून हाडं वाचली. बोर करून मोठा पिस्टन घालावा लागला. दादा रागावले नाहीत, पिस्टनवरचे ओरखडे दाखवले फक्त. म्हणून सांगतो, फवारणी पंप असो की कटर, त्या मशीनच्या टाकीवर जे प्रमाण लिहिलंय तेच घाला, शेजाऱ्याचं नाही.

आता 26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस, आणि आमच्याकडे वरून पाणी, खालून खाडीची भरती. पडवीत गाडी हँडलपर्यंत बुडाली. पाणी ओसरलं तेव्हा मी किकवर पाय ठेवला आणि दादा ओरडले. तेव्हा ते थकलेले होते, खाटेवरूनच. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली की कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याच आठवड्यात गावातल्या एकाच्या इंजिनाचं नेमकं तेच झालं.

आम्ही आधी प्लग काढला. टाकी आणि कार्बोरेटर रिकामा केला. गाडी आडवी करून हळूहळू चाक फिरवत पाणी काढलं. मग आत रॉकेल ओतून फिरवलं, दोनदा. शेवटी पेट्रोलपेक्षा तेल जास्त असं मिश्रण. मॅग्नेट काढून कॉइल गोड्या पाण्यानं धुतल्या, कारण पाणी खारं होतं, नुसतं वाळवून मीठ जात नाही. गिअरचं तेल ताकासारखं पांढरं झालं होतं, ते बदललं. तिसऱ्या दिवशी पाचव्या किकला धूर सोडत सुरू झाली. दादा खाटेवरून म्हणाले, ‘पॉइंट परत बघ.’ बघितले, फट खरंच जास्त झाली होती.

आज त्या शेतावर इमारती आहेत. हाटकेश उद्योगनगरच्या गाळ्यांत लेथ आहेत, बुश वगैरे तिथूनच करून घेतो. जुन्या लॅम्ब्रेटा भारतातून इंग्लंडपर्यंत गेल्या, हौशी लोक शोधत येतात. माझ्याकडेही दोघे येऊन गेले, भाव बरा सांगितला. एकानं विचारलं, सगळे पार्ट ओरिजिनल आहेत का? म्हटलं, मॅग्नेट कुर्ल्याचं, बुश हाटकेशचे, सीट आयेच्या जुन्या ताडपत्रीची. तो गेला.

सध्या मागच्या ब्रेकचे लायनर संपलेत. एलडीचे, 8 इंची चाकाचे. कुणाकडे जुने शूज पडलेले असतील तर कळवा, लायनर मी चिकटवून घेईन. पुलरचा फोटो उद्या टाकतो, आट्याच्या मापासह.