आरसा, दीप आणि किरण : कंठावरील शस्त्रक्रियेची वाटचाल

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शल्यचिकित्सेच्या इतिहासावरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. आमची हयात केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत, फायलींच्या सहवासात गेली, पदवी कलाशाखेची. तेव्हा या विषयात आमचा अधिकार केवळ जिज्ञासू वाचकाचा. परंतु स्वप्रांतापासून दूर वसलेल्या मराठी माणसांचे मंडळ पन्नास वर्षे टिकते ते कशाच्या बळावर, याचा विचार करू लागलो असता आम्हांस प्रथम आठवला तो कंठ. गणेशोत्सवातील आरत्या, नाटकांच्या तालमी, नाट्यपदे, व्याख्याने, इतकेच नव्हे तर वार्षिक सभेतील वादविवाददेखील, हे सारे ज्या इवल्याशा अवयवातून प्रकट होते, तो अवयव जिवंत माणसाच्या गळ्यात कसा हालतो हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकास नीट पाहावयास मिळालेच नव्हते. तो दिसू लागला कसा, आणि दिसू लागल्यावर त्यावरील शस्त्रक्रियेचा घाव लहान होत कसा गेला, ही कथा सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम या प्रदेशाची अडचण ध्यानी घेतली पाहिजे. स्वरयंत्रातील दोन स्वररज्जू प्रौढ पुरुषातही साधारण दोन सेंटिमीटर लांबीचे. ते असतात गळ्याच्या तळाशी, जिभेच्या मुळामागे, वळणापलीकडच्या अंधारात. श्वास, अन्न आणि वाणी या तिघांची वाट तेथे एकत्र येते. दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या जातात. आणि स्वररज्जूंना हालविणाऱ्या मज्जातंतूला इजा पोहोचल्यास आवाज जातो. बाहेरून तेथे पोहोचावयाचे तर मान चिरावी लागे, जिभेच्या मुळाशी जावयाचे तर प्रसंगी जबड्याचे हाड कापावे लागे. पोटावरचा व्रण वस्त्राखाली झाकतो. चेहऱ्यावरचा आणि मानेवरचा व्रण माणूस जन्मभर सर्वांसमक्ष वागवितो. म्हणूनच लहान घावाचे मोल या प्रदेशात विशेष आहे.

या अंधारात दिवा नेण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न फ्रँकफुर्टचा एक तरुण वैद्य फिलिप बोझिनी याने १८०६ च्या सुमारास केला. मेणबत्ती, आरसा आणि नळी यांची सांगड घालून त्याने एक प्रकाशवाहक यंत्र रचिले. व्हिएन्नातील विद्वानांनी त्यास उत्तेजन दिले नाही. १८०९ मध्ये बोझिनी ज्वराने अकाली मरण पावला आणि त्याचे यंत्र मागे पडले.

पुढील पाऊल टाकले ते वैद्याने नव्हे, तर एका गायनाचार्याने. मान्युएल गार्सिया हा स्पॅनिश वंशाचा गवई. त्या काळी युरोपात विख्यात असलेल्या मालिब्रान आणि व्हियार्दो या दोन गायिका त्याच्या भगिनी. शिष्यांचा आवाज घडविताना स्वर नेमका कोठे आणि कसा उमटतो, या प्रश्नाने त्यास ग्रासले होते. १८५४ मध्ये पॅरिसच्या मुक्कामात, काचेवर चमकलेले ऊन पाहून त्यास युक्ती सुचली. त्याने दातांच्या वैद्याचा लांब दांड्याचा लहान आरसा विकत घेतला, तो कोमट करून घशाच्या मागील भागास टेकविला आणि दुसऱ्या हातातील आरशाने सूर्यकिरण त्यावर सोडले. स्वतःचेच स्वररज्जू गाताना मिटताना आणि श्वास घेताना उघडताना त्यास दिसले. १८५५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याने हे निरीक्षण मांडले. गार्सियाला शस्त्रक्रियेची आकांक्षा नव्हती. त्यास स्वराचे मूळ हवे होते. तो शंभरी ओलांडून १९०६ मध्ये निवर्तला, आणि त्याच्या शतकपूर्तीचा सोहळा कंठरोगतज्ज्ञांनी आपल्या शास्त्राच्या आद्य पुरुषास शोभेल अशा थाटात साजरा केला.

१८५७-५८ मध्ये ट्यूर्क आणि चेरमाक या दोघांनी हा आरसा रोगनिदानासाठी वापरण्यास आरंभ केला. चेरमाकने सूर्याची वाट न पाहता दिव्याचा प्रकाश अंतर्गोल आरशाने घशात पाडला. दोघांत अग्रमानावरून कडाक्याचा वाद जुंपला. शास्त्राला मात्र त्या चढाओढीचा लाभच झाला. १८८४ मध्ये कोकेनमुळे घसा बधिर करणे साधले, आणि आरशात पाहत वाकड्या चिमट्याने लहानसहान गाठी काढता येऊ लागल्या. तरी प्रतिमा उलटी, एक हात आरशात गुंतलेला आणि रुग्णास उबळ येण्याची भीती सदैव. दुसऱ्या टोकास, व्हिएन्नाच्या बिलरोथने १८७३ च्या अखेरीस कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची शस्त्रक्रिया केली होती. अशा शस्त्रक्रियेत जीव वाचला तरी नैसर्गिक वाणी कायमची जाते. या दोन टोकांच्या मधली वाट त्या काळी अद्याप दिसत नव्हती.

अर्धवट दिसणे किती घातक ठरते, याचा दाखला जर्मनीच्या राजघराण्याने पाहिला. १८८७ मध्ये युवराज फ्रेडरिक यांचा आवाज बसला. जर्मन शल्यविशारद गळा बाहेरून उघडण्याच्या तयारीत होते. लंडनहून पाचारण केलेल्या मोरेल मॅकेन्झी यांनी आरशाच्या साहाय्याने तोंडावाटे एक लहान तुकडा काढला. विख्यात विकृतिशास्त्रज्ञ फिर्शो यांना त्यात कर्करोग आढळला नाही आणि शस्त्रक्रिया रहित झाली. रोग मात्र वाढतच गेला. १८८८ च्या फेब्रुवारीत श्वासासाठी मानेला छिद्र पाडावे लागले. मार्चमध्ये फ्रेडरिक सम्राट झाले ते मूकावस्थेत. कागदावर लिहून ते आज्ञा देत. अवघ्या ९९ दिवसांची कारकीर्द करून १५ जूनला ते निधन पावले. तो तुकडा योग्य जागेवरून आला होता काय, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. आम्हांस त्यातून एकच गोष्ट घेण्यासारखी वाटते. घाव लहान असणे पुरेसे नाही. लहान घाव घालणाऱ्या हाताला पूर्ण दिसले पाहिजे.

१८९५ मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड कर्स्टाइनने आरसा बाजूस सारला. मस्तक विशिष्ट स्थितीत ठेवून, जीभ दाबून, सरळ रेषेत स्वरयंत्र पाहता येते हे त्याने दाखविले. किलियानने या पद्धतीस आधारदंडाची जोड दिली. त्यामुळे नळी धरून ठेवण्याचे काम वाचले. अमेरिकेत शेव्हालिए जॅक्सन याने टोकाशी दिवा असलेल्या नळ्या वापरून श्वासनलिकेत आणि अन्ननलिकेत अडकलेली नाणी, टाचण्या, दाणे असे दोन हजारांहून अधिक पदार्थ मान वा छाती न चिरता काढले. हा संग्रह फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात जतन केला आहे. घरगुती दाहक क्षारांनी मुलांच्या अन्ननलिका होरपळत, म्हणून डब्यांवर धोक्याची सूचना छापण्याची सक्ती व्हावी यासाठी तो झटला आणि १९२७ मध्ये तसा कायदा झाला. चिमट्याने काढण्यापेक्षा अपघात टाळणे बरे, हे त्या थोर शल्यविशारदास पटले होते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या कथेने वेग घेतला. १९५३ मध्ये झाइस कारखान्याचा शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक बाजारात आला. १९६० नंतरच्या दशकात जर्मनीच्या ऑस्कर क्लाइनझासर याने त्यास ४०० मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग जोडून स्वरयंत्रापुढे आणिले. भिंग आणि रुग्ण यांच्यामध्ये लांब उपकरणे फिरविण्यास जागा झाली, दोन्ही हात मोकळे झाले आणि दोन्ही डोळ्यांनी खोली समजू लागली. १९७४ मध्ये जपानच्या मिनोरू हिरानो याने स्वररज्जूची रचना थरांची असून मऊ आवरण आतील घट्ट गाभ्यावर लहरते, असे दाखवून दिले. गाभ्यास धक्का न लावता आवरणातील गाठ तेवढी काढावी, म्हणजे आवाज राहतो, हे तत्त्व त्यातून रुजले. गार्सियाच्या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने शल्यविशारदाच्या कामी आले.

याच काळात प्रकाश वाहून नेण्याच्या कलेत एका भारतीयाने मोलाची भर घातली. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेण्याचे कार्य १९५४ मध्ये प्रसिद्ध केले. त्या तत्त्वावर बेतलेली लवचीक दुर्बीण १९६८ मध्ये टोकियोच्या सावाशिमा आणि हिरोसे यांनी नाकावाटे स्वरयंत्रापर्यंत नेली. हॉपकिन्स यांच्याच कांडीसारख्या भिंगांची ताठ दुर्बीण नाकाच्या शस्त्रक्रियेत क्रांतिकारक ठरली. ग्राझच्या मेसरक्लिंगर, त्यांचे शिष्य श्टामबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांच्या प्रयत्नांनी, हिरडीवर छेद घेऊन गालाचे हाड फोडण्याऐवजी नाकपुडीतून सायनसची नैसर्गिक दारे मोकळी करण्याची पद्धत १९८५ नंतर जगभर पसरली. पुढे त्याच वाटेने मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीपर्यंत शल्यविशारद पोहोचले.

यानंतरचा दुवा ऐकून मराठी वाचकांस आनंद होईल. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ मध्ये त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. हा किरण डोळ्यांस दिसत नाही, पण पाणी त्यास तत्काळ शोषून घेते. आणि शरीराचे मऊ भाग बहुतांशी पाण्याचेच. म्हणून तो पृष्ठभागावरच पेशींची वाफ करतो, खोलवर होरपळ करीत नाही आणि बारीक रक्तवाहिन्या मिटवीत जातो. बोस्टनचे स्ट्राँग आणि याको यांनी हा किरण सूक्ष्मदर्शकास जोडून १९७२ मध्ये स्वरयंत्रावरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. धोकाही नवाच होता. श्वासाच्या नळीतून प्राणवायू वाहत असता किरण नळीस लागल्यास आग भडकते. म्हणून विशेष नळ्या, ओला कापूस आणि प्राणवायूचे बेताचे प्रमाण, हे नियम कसोशीने पाळावे लागतात.

जर्मनीच्या वोल्फगांग श्टाइनर याने या किरणाने एक रूढ सिद्धान्तच प्रश्नांकित केला. कर्करोगाची गाठ अखंडच काढावी, ती छेदू नये, असा दंडक होता. श्टाइनरने गाठ सूक्ष्मदर्शकाखाली मुद्दाम छेदली, तिची खोली प्रत्यक्ष पाहिली आणि निरोगी भाग राखून ती तुकड्यांनी काढली. प्रथम विरोध झाला. पुढे लहान गाठींसाठी ही पद्धत मान्य पावली. जिभेच्या मुळासारख्या आडवळणाच्या जागी सरळ किरण पोहोचत नाही. तेथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वाइनस्टाइन आणि ओमॅली यांनी यंत्रमानवाचे वळणारे हात तोंडावाटे नेले, आणि २००९ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या नियामक संस्थेने निवडक लहान गाठींसाठी त्यास मान्यता दिली. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीही ओठाच्या आतील तीन लहान छेदांतून काढता येते, असा ६० रुग्णांचा अनुभव बँकॉकच्या अनुवाँग यांनी २०१६ मध्ये मांडला.

येथे लेख संपविला असता तर तो केवळ विजयगाथा झाला असता; परंतु ते सत्यास धरून झाले नसते. घाव लहान ठेवणे हे साध्य नव्हे. माणूस आणि त्याची वाणी वाचणे हे साध्य. १९९१ मध्ये अमेरिकेत ३३२ रुग्णांवरील अभ्यासात, वाढलेल्या स्वरयंत्र-कर्करोगातही औषधे आणि किरणोपचार यांनी सुमारे दोनतृतीयांश रुग्णांचे स्वरयंत्र राखता आले, आणि त्यांच्या आयुर्मानात उणीव आली नाही. म्हणजे कधी चाकूच नको. उलट मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास पाहा. तोंडाच्या आरंभीच्या कर्करोगात, मानेतील गाठी हातास लागत नसतानाही त्या पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की दिसू लागल्यावर काढाव्यात, हा प्रश्न होता. तीन वर्षांनंतर पहिल्या गटातील ८० टक्के, तर दुसऱ्या गटातील ६७.५ टक्के रुग्ण हयात होते. तेथे मोठा घावच जीवदायी ठरला.

आमच्या देशात तंबाखू आणि सुपारी यांपायी तोंडाचा कर्करोग पुरुषांत फार आढळतो, आणि पुष्कळ रुग्ण रोग बळावल्यावरच इस्पितळाची पायरी चढतात. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक, किरण आणि यंत्रमानव हतबल होतात. कचेरीच्या परिभाषेत बोलावयाचे तर, प्रकरण वेळेत आले म्हणजे दोन ओळींच्या टिपणीवर निकालात निघते. विलंबाने आलेले प्रकरण जाड होते आणि त्याचा निकालही कठोर लागतो. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तोंडातील व्रण भरून येत नसेल, पांढरा वा तांबडा चट्टा दिसत असेल, मानेत गाठ लागत असेल, तर हळद-दुधावर आणि गुळण्यांवर भरवसा न ठेवता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांस दाखवावे. लवचीक दुर्बिणीने स्वरयंत्र पाहण्यास आज थोडी मिनिटे पुरतात.

गार्सियाने पॅरिसच्या उन्हात जे पाहिले, ते आज जिल्ह्याच्या गावीही पाहता येते. आपल्या मंडळातील गाणारे, नाटके करणारे आणि सभा गाजविणारे कंठ पुढील पन्नास वर्षेही असेच निरामय राहोत, आणि त्यांपैकी कोणी कुरकुरू लागला तर त्याची दाद वेळेवर घेतली जावो, एवढीच आमची या शुभप्रसंगी इच्छा आहे.