आपले राक्षस आणि आपला इतिहास



वसंतातील अशा व्याख्यानांतून आपण साधुसंतांविषयी, वीरपुरुषांविषयी आणि थोर विद्वानांविषयी पुष्कळ ऐकत आलो आहोत. आज मी राक्षसांविषयी बोलणार आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने राक्षसांच्या वाटेला का जावे, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न रास्तच आहे. राक्षस कधी झाले नाहीत हे मलाही मान्य आहे. परंतु राक्षसाला भिणारी माणसे खरोखर होऊन गेली, आणि माणसे कशाला भीत होती हा इतिहासाचाच विषय होय. ग्रीकांनी बैलाच्या तोंडाचा नरभक्षक कल्पिला, आपण दहा तोंडांचा रावण कल्पिला. ज्या समाजाला ज्या गोष्टीची धास्ती, तिला त्याने शिंगे, सुळे आणि नखे दिली.

दूर जाण्याचे कारण नाही, आपल्या विदर्भाचेच पाहा. बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. तेथील गोलाकार सरोवराचे पाणी खारट. डोंगराळ मुलखात, समुद्रापासून इतक्या लांब हा खारेपणा आला कोठून? लोकांनी उत्तर शोधले ते असे की, या विवरात लवणासुर नावाचा दैत्य लपून राहत असे. विष्णूने पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवले आणि दैत्याला मारले. त्याच्या रक्ताचे पाणी झाले आणि देहाचे मीठ झाले. त्या विजयाची खूण म्हणून दैत्यसूदनाचे देखणे देवालय लोणारला आजही उभे आहे. पुढे भूशास्त्राने सांगितले की, हे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्केच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडले आहे. तेव्हा लवणासुर मुकाट्याने बाजूला झाला. त्याच्यावर कोणाचा अन्याय झाला नाही, कारण तो कोणाचाच कोणी नव्हता. चिखलदऱ्याची गोष्टही तशीच. भीमाने कीचकाला तेथील दरीत लोटले असे सांगतात, आणि गावाच्या नावात कीचकाचे नाव दाखवतात. तेथेही कोणाचे काही बिघडत नाही.

पण काही राक्षस असे असतात की, त्यांच्या कागदी मुखवट्यामागे एक खरे माणूस उभे असते. असा एक राक्षस आपल्याच शहरात आहे. धंतोलीतून रेल्वेचे रूळ ओलांडून जुन्या शहरात गेले की तो भेटतो. मी मारबतीविषयी बोलत आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला आपण तान्हा पोळा म्हणतो, त्या दिवशी इतवारी-महालाच्या बाजूला मुंगी शिरायला जागा नसते. बांबूच्या कामट्या आणि कागद यांची एक अक्राळविक्राळ काळी मारबत आणि दुसरी पिवळी मारबत वाजतगाजत निघतात, एकमेकींना भेटतात, आणि शेवटी त्यांचे दहन होते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाच्या पिवळ्या मारबतीची १८८५ पासूनची सांगतात. बरोबर बडगे असतात. लाचखाऊ अधिकारी, साठेबाज, हुंडा घेणारा, असा ज्याचा त्या वर्षी लोकांना ताप झाला असेल त्याचा बडग्या होतो. घरातली रोगराई, खोकला, माश्या-मुरकुटे, सगळी इडापिडा तू घेऊन जा, अशी हाक लोक मारबतीला घालतात. खेड्यापाड्यांतून त्याच दिवशी पहाटे गावाच्या शिवेपर्यंत जाऊन अशी हाक घालण्याची चाल आहे. ज्या गावात वैद्य नव्हता आणि पावसाळा संपता संपता साथ ठरलेली, त्या गावाने याखेरीज दुसरे काय करावे?

आता ही मारबत कोण? याची दोन उत्तरे मिळतात. एक पुराणातले : ती पूतना. कृष्णाला विषारी दूध पाजायला आली, मारली गेली, आणि गोकुळवाल्यांनी तिला गावाबाहेर नेऊन जाळली. दुसरे उत्तर इतिहासातले, आणि नागपुरात तेच अधिक ठासून सांगतात : काळी मारबत म्हणजे बाकाबाई भोसले. ती इंग्रजांना मिळाली, म्हणून लोकांनी तिचा पुतळा करून जाळला.

येथे मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने उठून उभे राहिले पाहिजे. पूतनेला वकील नको आहे. बाकाबाईला हवा आहे.

बाकाबाई ही दुसऱ्या रघूजी भोसल्यांची राणी. १८१६ मध्ये रघूजी वारले. गादीवर आलेला परसोजी शरीराने आणि मनाने दुर्बळ होता. त्याच्या नावाने कारभार बाकाबाईने पाहावा की पुतण्या आप्पासाहेबाने, असा तंटा पडला. आप्पासाहेबाने बाजी मारली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. कंपनीची फौज नागपूरच्या छातीवर आणून बसवणारा हा तह बाकाबाईने केलेला नाही. पुढे ज्याने इंग्रजांशी लढा दिला, त्याच आप्पासाहेबाने तो केला. १८१७ च्या फेब्रुवारीत परसोजीचा खून झाला आणि संशय आप्पासाहेबावर आला. त्याच वर्षी २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली. ती टेकडी आपल्या धंतोलीपासून हाकेच्या अंतरावर आहे. भोसले हरले. १८१८ मध्ये आप्पासाहेब पदच्युत झाला, आणि रघूजींचा अल्पवयीन नातू तिसरा रघूजी म्हणून गादीवर बसला. त्याची पालक बाकाबाई झाली, परंतु खरी सत्ता रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती होती.

तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरात निपुत्रिक वारले, आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले. वाड्यातले जवाहीर बाहेर काढले गेले. भोसल्यांचे हत्ती, घोडे आणि बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोलाने गेले. सामान हलवाल तर वाडाच पेटवून देईन, अशी धमकी म्हाताऱ्या बाकाबाईने दिल्याचे जॉन के या इंग्रज इतिहासकाराने नमूद केले आहे. इंग्रजांना विकली गेलेली बाई असे बोलत नाही.

मग तिच्यावरचा आरोप निखालस खोटा का? नाही. तसे म्हणणे म्हणजे दुसऱ्या बाजूने अन्याय करणे होईल. १८५७ च्या जूनमध्ये टाकळीच्या घोडदळाने उठावाचा बेत केला. तो फसला, आणि पुढाऱ्यांना फाशी झाली. त्या वेळी बाकाबाईने आपल्या आप्तांना आणि आश्रितांना उठावापासून आवरून धरले. इंग्रजांनी याबद्दल तिचे उपकार मानले, आणि पुढे तिच्या घराण्यातील दत्तकाला किताब मिळाला. ज्यांची मुले फासावर गेली त्यांना हे विसरता येणे शक्य नव्हते, आणि विसरावे असे मी म्हणणारही नाही. पण चाळीस वर्षांत दोनदा राज्य गेलेले पाहिलेल्या, फौज नसलेल्या, वार्धक्याने थकलेल्या त्या स्त्रीने उरलेले घर वाचवण्याचा हिशेब केला. तो हिशेब चुकला असे म्हणा, भेकडपणाचा होता असेही म्हणा. राक्षसीपणाचा होता असे कागदपत्रांवरून मला म्हणवत नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. बाकाबाई वारली १८५८ मध्ये. काळी मारबत निघाली १८८१ मध्ये. मधे तेवीस वर्षे गेली. एवढ्या काळाने तिची आठवण का व्हावी? माझा तर्क असा आहे. सीताबर्डीच्या किल्ल्यावर तोफा होत्या. राज्य ज्याने घेतले त्या साहेबाचा पुतळा भर रस्त्यात जाळण्याची सोय नव्हती. पण शिवेबाहेर पीडा नेऊन टाकण्याची जुनी चाल हाताशी होती, आणि मेलेली एक राणी होती. राणीवरचा राग खरा होता. पण परक्यावरचा राग त्याहून मोठा होता, आणि तोही तिच्याच पुतळ्यावर निघाला. हा तर्क आहे, पुरावा नव्हे, हे मी स्पष्ट सांगतो. तथापि ज्याच्यावर हात टाकता येत नाही त्याच्याऐवजी आपल्यातल्याच दुबळ्याला, त्यातही बाईला, राक्षस ठरवायचे, ही रीत केवळ नागपूरची नाही. गावोगावी एखाद्या विधवेला चेटकीण ठरवून हाल करण्यात आले, त्यामागे हीच बुद्धी होती. ते पाप पुरते संपलेले नाही, म्हणून तर २०१३ मध्ये महाराष्ट्राला जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

म्हणून मारबत बंद करावी, असे मी सुचवतो आहे काय? मुळीच नाही. ती नागपूरची शोभा आहे. बडग्यांच्या रूपाने सामान्य माणूस वर्षातून एक दिवस सत्ताधाऱ्याला तोंडावर जाब विचारतो, ही फार मोलाची गोष्ट आहे. पुतळा जरूर जाळावा. फक्त घरी परतल्यावर नातवाने विचारले की, आजोबा, ही काळी मारबत कोण होती, तर एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होऊ नये. तह कोणी केला, वाडा कोणी लुटला आणि बाकाबाईने काय केले व काय केले नाही, हे सगळे सांगावे.

भागवतकारांनी पूतनेची कथा कशी संपवली आहे, ती आठवा. तिचा देह जळू लागला तेव्हा धुराला अगरूचा सुगंध आला. विषाचे का होईना, तिने कृष्णाला दूध पाजले होते, म्हणून तिला मातेची गती मिळाली. ज्या परंपरेने विष पाजणाऱ्या राक्षसीच्या पदरातही एवढा न्याय घातला, त्या परंपरेतल्या आपण माणसांनी भोसल्यांच्या एका म्हाताऱ्या राणीला निदान साक्षीपुराव्यांनिशी सुनावणी द्यावी, एवढेच माझे मागणे आहे.