दुसऱ्याच्या पानांचा विमा

बलिप्रतिपदेला आपल्याकडे द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. द्यूत म्हटले की आपल्याला सर्वस्व हरलेला युधिष्ठिर आठवतो. पण त्याच महाभारताच्या वनपर्वात गमावलेले राज्य द्यूतातच परत मिळवणारा नळराजाही आहे. बेहड्याच्या झाडाकडे नुसते पाहून त्याची पाने-फळे किती हे सांगणाऱ्या ऋतुपर्णाकडून नळ 'अक्षहृदय' शिकला, म्हणजे फाशांचे मर्म आणि मोजण्याची विद्या, आणि मग त्याने पुष्कराला हरवले. जुगारात मोजणाऱ्याची बाजू वरचढ ठरते, ही जाणीव आपल्याकडे इतकी जुनी आहे.

विसाव्या शतकात ही गोष्ट अमेरिकेत पुन्हा घडली, ती 'ब्लॅकजॅक' ऊर्फ एकवीसच्या खेळात. एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकांनी आयबीएम ७०४ या संगणकावर आकडेमोड करून १९६१ साली दाखवून दिले, की वाटली गेलेली पाने लक्षात ठेवली तर उरलेल्या पानांत काय आहे हे कळते, आणि योग्य वेळी पैसे लावणारा कॅसिनोवरही मात करू शकतो. त्यांचे 'बीट द डीलर' हे पुस्तक १९६२ साली निघाले आणि पुष्कळ खपले. १९६४ साली लास व्हेगासच्या कॅसिनोंनी घाबरून खेळाचे नियमच बदलले. पण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा ते मुकाट्याने पूर्ववत केले.

या खेळात 'विमा' नावाचा एक पोटनियम आहे. पाने वाटणाऱ्याचे उघडे पान एक्का असेल, तर त्याचे पालथे पान दहा किमतीचे, म्हणजे दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा, निघण्याचा धोका असतो. तसे निघाले तर आपला डाव बहुधा गेलाच. म्हणून मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत आणखी पैसे लावून 'विमा' घेता येतो. दहा डॉलर लावलेल्याने पाचाचा विमा घ्यावा. पालथे पान दहाचे निघाले तर त्या पाचावर दहा मिळतात आणि डावातले नुकसान भरून निघते. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते.

आता गणित पाहू. बावन्न पानांच्या नव्या कॅटातून तो एक्का वगळला, तर ५१ पाने उरतात. त्यांत दहाची १६, इतर ३५. प्रत्येक शक्यतेला एकदा असा ५१ वेळा विमा घेतला, तर १६ वेळा दहाप्रमाणे १६० डॉलर मिळतील आणि ३५ वेळा पाचाप्रमाणे १७५ जातील. तोटा पंधराचा. आपल्या हातात दोन राजे असतील तर ४९ पानांत दहाची १४ च उरतात. मिळणार १४०, जाणार १७५. म्हणजे 'चांगली पाने आहेत, ती जपू' म्हणून विमा घेणारा सर्वांत जास्त गमावतो! उलट सत्ता आणि नव्वी अशी कमकुवत पाने असणाऱ्याचा तोटा पाचच डॉलरचा. मात्र उरलेल्या पानांत दहाची पाने एक तृतीयांशाहून अधिक झाली, की पारडे फिरते. उरलेल्या ३० पानांत दहाची १२ असतील, तर मिळणार १२० आणि जाणार ९०.

हे ओळखलेला मोजणारा खेळाडू स्वतःचा विमा घेतोच, पण शेजारच्यालाही विचारतो, "तुम्ही घेणार नसाल, तर तुमच्या पानांवर मी लावू का?" शेजारी चकित होतो, कारण त्याची पाने तर रद्दी. कॅसिनोची हरकत नसेल तेथे हा व्यवहार होतो. शेजाऱ्याचे काही जात नाही. नफा-तोटा मोजणाऱ्याचा आणि कॅसिनोचा. हा विमा पानांचा नसतोच. ती केवळ पालथ्या पानावरची वेगळी पैज असते, मग ती कोणाच्याही पानांसमोर ठेवा.

खऱ्या विम्याच्या इतिहासात नेमकी हीच गोष्ट निषिद्ध ठरली आहे. अठराव्या शतकातील लंडनमध्ये लोक परक्यांच्या आयुष्याचे विमे उतरवीत. लढाईवर गेलेला राजा परत येईल का, आजारी पुढारी वाचेल का, यावर पैजा लागत आणि त्यांना कागदोपत्री विमा म्हणत. म्हणून इंग्लंडच्या पार्लमेंटने आधी १७४५ साली जहाजांच्या आणि मग १७७४ साली आयुष्याच्या विम्याबाबत कायदे केले. ज्याच्या नुकसानीशी तुमचा हितसंबंध नाही, त्याचा विमा तुम्हाला घेता येणार नाही, असे ठरले. आपल्याकडेही १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमाने पैजेचे करार निरर्थक ठरवले. विमा आणि जुगार यांच्यामधली भिंत ती हीच.

या कसोटीने पाहिले तर कॅसिनोतला विमा ही विम्याचे नाव धारण केलेली पैज आहे. तिला पैज समजून मोजणारा कधीतरी जिंकतो. तिला विमा समजून आधार घेणारा हळूहळू बुडतो. मोजणाऱ्यालाही कॅसिनो सुखाने बसू देत नाहीत. एकाऐवजी अनेक कॅट एकत्र पिसणे, ओळख पटली की बाहेर काढणे, हे उपाय चालतातच.

गोव्यात १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पुढे मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. आपल्या सीमाभागातून तेथे पोहोचायला काही तास पुरतात. पण धोका केवळ बोटीवरच असतो असे नाही. परक्या भाषेत छापलेल्या अर्जावर 'विमा', 'हमी', 'सुरक्षा' असे शब्द वाचून सही करणारी कुटुंबे आपल्या आळीतही आहेत. सही करण्यापूर्वी घरातल्या शाळकरी मुलाला जवळ बसवावे आणि दोन प्रश्न विचारावेत: यात नुकसान कोणाचे भरून निघणार आहे, आणि येणे-जाण्याचा हिशेब काय? नळाला राज्य मिळवून दिले ते मोजण्याने. शब्दांवर विसंबून ते मिळाले नव्हते.