ढालकिडा : मित्र की शत्रू?

चंद्रपूरच्या कपाशीत आणि गडचिरोलीच्या धानात आढळणारा ढालकिडा हा कॉक्सिनेलिडी कुळातील भुंगेरा होय. त्याच्या बहुतेक प्रजाती मावा, तुडतुडे फस्त करतात; काही मात्र पिकाचीच पाने खातात. म्हणूनच फवारणीपूर्वी ओळख पटणे महत्त्वाचे ठरते.

या कुळात शृंगिका आखूड व टोकाशी गदेसारख्या असतात. पाऊल तीन खंडांचे भासते. प्रत्यक्षात तिसरा इवलासा खंड दुसऱ्याच्या खाचेत दडलेला असतो.

प्रजाती ठरविताना केवळ ठिपक्यांवर विसंबता येत नाही. एकाच जातीत नक्षी बदलते. वांग्याची पाने खरवडणाऱ्या हेनोसेपिलॅक्नाची पाठ बारीक लवेने झाकलेली, निस्तेज दिसते. जबड्यास अनेक दात असतात. मावाभक्षक कॉक्सिनेला व चिलोमेनिस यांची पाठ तुळतुळीत, तर जबड्याचे टोक दुभंगलेले असते. खवले कीड खाणाऱ्या काळ्याभोर चिलोकोरसच्या कपाळाची कड डोळ्यांवर पसरते.

मात्र लव दिसली म्हणजे शत्रूच, असे नव्हे. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा सिम्नस लवदार असूनही मावा खातो. अशा वेळी भिंगाखाली पोटाच्या पहिल्या खंडावरील वक्र रेषा पाहतात. जातीचा अंतिम निर्णय बहुधा नराच्या जननेंद्रियांवरून होतो.