घडशी

रत्नागिरी जिल्ह्यात घडशी आडनावाची माणसे भेटतात. आज बहुतेकांच्या लेखी ते नुसते आडनाव आहे. जुन्या मराठीत मात्र हा वाजवणाऱ्याचा शब्द. सनई, संबळ आणि सूर धरणारा, पिढ्यान् पिढ्या तेच करणारा तो घडशी. 1831 साली पहिल्यांदा छापल्या गेलेल्या मोल्सवर्थच्या कोशात तो वाजवणाऱ्यांची जात म्हणून नोंदलेला आहे.

गावगाड्यातील अलुतेदारांच्या याद्या प्रांतोप्रांती बदलतात. त्यांतल्या एका प्रचलित यादीत मुलाणा, वाजंत्री, घडशी अशी नावे एकापाठोपाठ येतात. म्हणजे बकरे हलाल करणारा आपला मुलाणा आणि सनई फुंकणारा घडशी धान्याच्या राशीपुढे जवळजवळ शेजारी उभे. बलुतेदारांचे घेऊन झाले की उरलेल्यात यांचा हात. वाजंत्री हा शब्द कामाचा, कोणालाही लागू व्हावा असा. घडशी म्हटले की जात कळायची. फरक तेवढाच, पण जन्मभर पुरणारा.

आता याच माणसाबद्दलची दंतकथा पाहा. ग्रँट डफने (वाजवणाऱ्यांविषयी लिहिणाऱ्याच्या नावातच डफ असावा!) 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. दंडकारण्याचा मुलूख वाजंत्र्यांना इनाम मिळाला होता आणि इथले सर्वांत जुने रहिवासी घडशी, ही लोकांच्या तोंडची गोष्ट त्याने सुरुवातीलाच नोंदवली आहे. खुद्द घडशी रावणाला आपला आश्रयदाता मानत. ही कथा इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. पण राशीतल्या उरल्यासुरल्या सुपावर जगणाऱ्याने सगळा देश एकेकाळी आमचा होता असे सांगत राहावे, हे मला साधे वाटत नाही. तो जमिनीवरचा दावाच आहे, फक्त कागदाविना केलेला.

त्याच्या हातातल्या वाद्यांची नावे तरी कुठून आली? सनईतली ‘नई’ म्हणजे फारसी ‘नय’. नगारा अरबी ‘नक्कारा’, डफ अरबी ‘दफ’, आणि नगारची या शब्दातला ‘ची’ तुर्की, तोपची-खजानचीतला. देवळाच्या दारावर नगारखाना बांधताना हे शब्द कोणाला परके वाटले नाहीत. वाजवणाऱ्याला मात्र नगारखान्याच्या पुढे किती जायचे ते ठरवून दिलेले असे.

यावर आपण मुसलमानांनी हसण्याचे कारण नाही. अरबीत ‘मीरास’ म्हणजे वारसा. हा शब्द मराठी मुलखात आला तो जमिनीला चिकटला. वंशपरंपरेने शेत कसणारा मिरासदार झाला, गावात मानाचा. तोच शब्द उत्तरेत, पंजाबात मुसलमान गवयांना आणि वाजवणाऱ्यांना लागला. त्यांना वारशात गाणे मिळाले, म्हणून ते मिरासी. मिरासदार म्हणजे मान आणि मिरासी म्हणजे शिवी! संगीत जायज की नाजायज हा वाद आपल्याकडे जुना आहे, लग्नात दफ वाजवण्याला हदीसचा आधारही सांगितला जातो. पण मिरासीला कमी लेखणाऱ्यांनी तो वाद मनापासून वाचला असेल असे मला वाटत नाही. तसे असते तर ऐकणाऱ्याचीही अब्रू गेली असती. ती कधी गेली नाही. लग्नात शहनाई हवी, शहनाईवाल्याच्या घरी मुलगी देणे नको.

म्हणून आज एखाद्या घडशी कुटुंबातल्या मुलाने आपल्या आडनावाचा अर्थ विचारला, तर घरातले मोठे विषय बदलत असतील, तर मला त्याचे नवल वाटणार नाही. शब्दाचा बोलण्यातला जोर तसाही ओसरला आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी निघायची वेळ झाली की लोक ‘वाजंत्री आले का?’ असे विचारतात. घडशी राहिला तो हजेरीपटावर, सातबाऱ्यावर आणि मतदारयादीत.