रॉब बटलर : विश्वविजेत्या ब्लू जेजमधील एकमेव कॅनेडियन

रॉब बटलर (जन्म १० एप्रिल १९७०, टोरांटो) हे निवृत्त व्यावसायिक बेसबॉलपटू. ते आउटफिल्डर, म्हणजे क्रिकेटच्या परिभाषेत सीमारेषेकडचे क्षेत्ररक्षक होते. जून १९९३ मध्ये त्यांनी घरच्याच टोरांटो ब्लू जेज संघातून पदार्पण केले. दुखापतीने मोसमाचा मोठा भाग हिरावून घेतला. तरी ऑक्टोबरमधील वर्ल्ड सिरीजच्या संघात त्यांना स्थान मिळाले.

फिलाडेल्फियातील पाचव्या सामन्यात गोलंदाज कर्ट शिलिंग यांनी ब्लू जेजना एकही धाव घेऊ दिली नव्हती. आठव्या डावात बदली फलंदाज म्हणून उतरलेल्या बटलर यांनी त्यांच्याविरुद्ध एकेरी फटका मारला. पुढचा धावपटू तिसऱ्या तळावर पोहोचला, मात्र होम प्लेटवर बाद झाला. सामना २-० असा हातचा गेला. दोन दिवसांनी ब्लू जेजनी विजेतेपद राखले. त्या संघात कॅनेडियन खेळाडू एकटे बटलरच.

चार मोसम, १०९ सामने, फलंदाजीची सरासरी ०.२४३. आकड्यांत कारकीर्द लहानच. १९९७ मध्ये ते फिलाडेल्फियाकडूनही, म्हणजे शिलिंग यांच्याच संघातून खेळले. निवृत्तीनंतर त्यांनी धाकटे बंधू रिच (तेही ब्लू जेजचे माजी आउटफिल्डर) यांच्यासह व्हिटबीला लागून असलेल्या एजॅक्समध्ये मुलांना बेसबॉल शिकवण्याचे काम हाती घेतले.