इंजिनियराचे मागणे

आमच्या गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव आहे. असे तलाव बांधणारे कोहळी कोणत्याही कॉलेजात शिकलेले नव्हते. जो तलाव बांधील त्याने त्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन कसावी, असा चांद्याच्या गोंड राजांचा नियम होता, असे परंपरा सांगते. मागणे एकच, आणि ते जन्मभर पुरे. पुढे सरकारी बांधकाम खाते आले, जमिनीच्या जागी पगार आला आणि इंजिनियराला नोकरीपासून काय हवे, हा प्रश्न उत्पन्न झाला. त्याचे उत्तर वयाबरोबर कसे पालटते, हे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या चरित्रात स्पष्ट दिसते.

पुण्याच्या सायन्स कॉलेजातून पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन 1884 साली ते मुंबई इलाख्यात असिस्टंट इंजिनियर झाले. खानदेशात पांझरेच्या खोऱ्यात एका ओढ्यातून नळांचा सायफन घालण्याचे काम त्यांच्याकडे आले. ऐन पावसाळा! काम काही दिवस थांबवावे, असे त्यांनी वर लिहिले. वरिष्ठांना ती टाळाटाळ वाटली. तेव्हा त्यांनी पुराची पर्वा न करता काम तडीस नेले. पंचविशीच्या आतील माणसाला वरिष्ठांचा विश्वास हीच मोठी कमाई वाटते. पगाराचा हिशेब मागाहून सुचतो.

चाळिशीत मागणे निराळे झाले. 1903 साली खडकवासल्याच्या सांडव्यावर त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. पाणी ठराविक पातळीस चढले की ते आपोआप उघडत, ओसरले की मिटत. धरणाची भिंत न चढविता साठ्याची पातळी सुमारे 8 फुटांनी वाढली. पेटंट त्यांच्या नावे होते, तरी सरकारकडून त्यांनी त्याचा मोबदला घेतला नाही. आपली कल्पना दगडा-लोखंडात उतरलेली पाहावी, एवढेच त्यांना हवे होते. (अशी माणसे खात्याला स्वस्त पडतात, हेही खरे!)

परंतु पुढची पायरी बंद होती. मुख्य इंजिनियरची खुर्ची त्या काळी इंग्रजांकडेच जात असे. ती आपणास मिळावयाची नाही, हे ओळखून नोकरीची पंचवीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, 1908 साली, ते मुंबई सरकारच्या नोकरीतून बाहेर पडले. ज्याने कारकिर्दीच्या भरात सन्मानाचा दरवाजा बंद पाहिला, त्याला आणखी पगारवाढीचे काय?

मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादने त्यांना बोलाविले. मग म्हैसूर संस्थानाने मुख्य इंजिनियरची जागा देऊ केली, तेव्हा त्यांनी उलट विचारले की, उद्योगधंदे व तांत्रिक शिक्षण वाढविण्यास आपणास वाव मिळेल काय? पन्नाशीच्या उंबरठ्यावरील हे मागणे अधिकाराचे होते. 1909 साली ते तेथे गेले, 1911 साली कृष्णराजसागराचे काम सुरू झाले आणि 1912 साली ते दिवाण झाले. दरबारी राखीव जागांच्या प्रश्नावर महाराजांशी मतभेद झाला, तेव्हा मात्र तेही पद त्यांनी सोडले.

1937 साली, पंचाहत्तरी उलटल्यावर, ओरिसातील महापुरांची पाहणी करावयास ते गेले. तेथे ते कोणाचेच नोकर नव्हते.